टिंपनीचा सूर कॉर्डशी जुळवताना : नव्यांसाठी

तुळजापूरला किंवा माहूरला गोंधळ ऐकलेल्या माणसाला टिंपनी परकी वाटायचं कारण नाही. एक मोठं भांडं, एक लहान, दोन्हींवर कातडं, हातात काठ्या. आपल्या संबळाची जोडीच डोळ्यांसमोर येते. नातंही खरं आहे. पश्चिम आशियातले नक्कारे क्रुसेडच्या काळात, तेराव्या शतकात युरोपात पोचले आणि पुढे पंधराव्या शतकात घोड्यावर लादायचे मोठे नगारे तिकडे गेले. त्यांतूनच ऑर्केस्ट्रातली टिंपनी घडली. (आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की ऑक्टोपॅड आणि हिंदी गाणी आठवतात. इथे मी व्हायोलिनं, बासऱ्या, ट्रम्पेटं असलेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्राबद्दल बोलते आहे.)

फरक एवढाच, की टिंपनीचं प्रत्येक भांडं एका नक्की सुराला लावलेलं असतं. आणि सूर आला की तो बाकीच्यांशी जुळतो का, हा प्रश्न आलाच.

तबला, कीबोर्ड किंवा चर्चमधलं कॉयर यांतून आलेल्या, थोडंफार स्टाफ नोटेशन वाचता येणाऱ्या आणि मेजर-मायनर कॉर्ड ओळखणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. जुन्या रचनेतला टिंपनीचा पार्ट वाजवायला घेतला, की काही ठोके कॉर्डच्या बाहेर पडलेले कानाला कळतात. ते बदलावेत का, आणि बदलायचे तर कसे? आमच्या परभणीच्या गटात खरी टिंपनी नाही. कीबोर्डवर तिचा आवाज लावून मी तो पार्ट वाजवते. खऱ्या वाद्यासमोर उभं राहायची संधी पुण्या-मुंबईला कधीमधी मिळाली. पण पुढे सांगते ती सगळी विचार करायची पद्धत दोन्हीकडे लागू पडते.

बेसूर ठोका आला कुठून

हायडन आणि मोझार्ट या रचनाकारांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुतेक वेळा दोनच ड्रम असत. एक सा ला लावलेला, दुसरा प ला. रचना सी मेजरमध्ये असेल तर सी आणि जी, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी एक आणि पांढरी पाच. सूर बदलायचा तर काठावरचे सहा-आठ स्क्रू एकेक करून हाताने फिरवावे लागत. चालू रचनेत ते जमण्यासारखं नव्हतं. रचना मध्येच दुसऱ्या स्केलमध्ये गेली, की रचनाकारासमोर दोनच वाटा उरत. टिंपनी गप्प ठेवायची, किंवा असलेल्या दोन सुरांपैकी त्यातल्या त्यात खपेल तो वाजवायचा. दुसरी वाट धरली तिथेच आज आपल्याला खटकणारे ठोके सापडतात.

म्युनिकच्या गेरहार्ड क्रामर यांनी १८१२ मध्ये सगळे स्क्रू एकदम फिरवणारी यंत्रणा बनवली. ड्रेस्डेनच्या कार्ल पिट्रिख यांनी १८८१ मध्ये पायाच्या पेडलवर चालणाऱ्या टिंपनीचं पेटंट घेतलं. तिथून पुढे वाजवता वाजवता सूर बदलणं शक्य झालं. ही दोन सालं लक्षात ठेवा, कारण तुमच्या हातातली रचना पेडलच्या आधीची आहे की नंतरची, यावर तुमचा बदलायचा अधिकार बराचसा अवलंबून आहे. पेडल हाताशी असलेल्या रचनाकाराने कॉर्डबाहेरचा सूर लिहिला असेल, तर तो त्याला हवाच होता असं धरून चाला.

तबला-तानपुऱ्याच्या माणसाला हे चटकन समजतं. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून आपण तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला लावतो. तिथे प चालू ठेवला तर गायकाच्या प्रत्येक मध्यमावर तो आडवा येईल. जुन्या टिंपनीवाल्याला रचनेच्या मधोमध तार बदलायची सोय नव्हती, इतकंच.

आधी पूर्ण स्कोअर

फक्त टिंपनीचा पार्ट घेऊन बसू नका. त्यात ठोके आणि रिकामे बार यांपलीकडे काही दिसत नाही. जुन्या रचनांचे पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे पार्ट एकाखाली एक असलेल्या प्रती, आयएमएसएलपी या इंटरनेटवरच्या संग्रहात फुकट मिळतात. तो समोर उघडा.

एक धोका सुरुवातीलाच सांगते. मोझार्ट-हायडनच्या काळातल्या कित्येक पार्टमध्ये टिंपनी कायम सी आणि जी अशीच लिहिलेली असते, आणि खरा सूर पानाच्या डोक्यावर दिलेला असतो. वर ‘डी-ए’ लिहिलं असेल, तर कागदावरचा सी हा प्रत्यक्षात डी आहे आणि जी हा ए. हे न बघता कॉर्ड ताडून पाहिली तर सगळीच रचना बेसूर वाटेल. मी एकदा दोन संध्याकाळी अशाच घालवल्या आहेत. पहिलं काम म्हणून खरे सूर पेन्सिलने लिहून घ्या.

मग प्रत्येक ठोक्याच्या खाली त्या क्षणाची कॉर्ड लिहा. ठोके बरेच असले तरी कंटाळू नका, कारण पुढचा सगळा निर्णय या ओळीवर उभा आहे. कॉर्ड लिहिली की तिच्यात ड्रमचा सूर कुठे बसतो ते बघा. मूळ सूर असेल किंवा त्याचा पाचवा असेल तर पुढे जा. तिसरा असेल तरी बहुतेक वेळा पुढेच जा. तिसऱ्या सुरावरची टिंपनी थोडी वेगळी, रंगीत ऐकू येते, चुकीची नाही. बीथोव्हेनच्या १८२४ च्या नवव्या सिम्फनीत दुसरा भाग डी मायनरमध्ये आहे आणि टिंपनीचे दोन ड्रम एकाच सुराच्या दोन सप्तकांत, एफ वर, लावलेले आहेत. एफ म्हणजे डी मायनरचा तिसरा सूर. ते ठोके एकदा ऐकले की तिसऱ्याची भीती जाते.

उरतात ते कॉर्डचा सातवा सूर असलेले आणि कॉर्डच्या पूर्ण बाहेरचे ठोके. सातव्याची अडचण अशी, की त्याला खाली उतरायची ओढ असते आणि ड्रम उतरत नाही. हळू वाजला तर खपून जातो, जोरात वाजला तर लोंबकळत राहतो. बाहेरच्या सुरांमध्ये सगळ्यात त्रासदायक तो, जो बेसच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वाद्याच्या, सुरापासून अर्ध्या सुरावर आहे. या दोन प्रकारांभोवती गोल करा. बाकी काही हलवायचं नाही.

गोल केलेल्यांपैकी मुद्दाम ठेवलेले कोणते

नवा माणूस सगळ्यात जास्त इथे चुकतो. म्हणून जरा थांबते.

बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीत तिसऱ्या भागाच्या शेवटी तंतुवाद्यं ए फ्लॅट आणि सी धरून बसतात आणि त्याखाली टिंपनी अगदी हळू सी वाजवत राहते. वरचे सूर सरकू लागतात, कॉर्ड बदलते, सी मात्र तिथेच. हा अंधार मग एकदम सी मेजरच्या उजेडात फुटतो. तिथे कॉर्डप्रमाणे ड्रम बदलला तर तो उजेड कुठून येणार? ब्राम्सच्या १८७६ च्या पहिल्या सिम्फनीची सुरुवातही अशीच. वर तंतुवाद्यं अर्ध्या-अर्ध्या सुराने चढतात, खाली टिंपनी सी वर ठोकत राहते. ते घर्षण हाच त्या सुरुवातीचा प्राण आहे.

असा धरून ठेवलेला सूर ओळखायच्या खुणा आहेत. तो एकट्या टिंपनीचा नसतो, डबल बेस किंवा हॉर्नसुद्धा बहुधा तोच सूर धरून असतात. तो लांब चालतो, चार, आठ, सोळा बार. आणि शेवटी वरची कॉर्ड फिरून त्याच सुरावर येऊन बसते. आपल्या षड्जासारखाच. गायक कुठेही फिरला तरी तानपुरा सा सोडत नाही, आणि तो बेसूर आहे असं आपण म्हणत नाही.

याउलट मजबुरीचा ठोका एकटा असतो. एक-दोन बीट टिकतो. जोराच्या जागी, सगळे वाजवताहेत म्हणून टिंपनीही हवी, अशा ठिकाणी तो येतो. बेस वेगळंच वाजवत असतो. असा ठोका बदलायला माझी हरकत नाही.

धरलेला सूर खटकत असेल तर आधी त्याचा आवाज तपासा. ब्राम्सच्या जर्मन रेक्विएमचे (कॉयर आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) पहिले तीन भाग डिसेंबर १८६७ मध्ये व्हिएन्नात वाजले, तेव्हा तिसऱ्या भागातला लांब धरलेला डी टिंपनीवाल्याने इतका जोरात वाजवला की वरचं गाणं त्यात बुडालं आणि श्रोते बिथरले. सुरात काहीच चूक नव्हती, चूक हाताच्या वजनात होती.

ट्रम्पेटकडे बघितल्याशिवाय हात लावू नका

हायडन-मोझार्टच्या काळातल्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायच्या कळा, नव्हते. त्यांनाही मोजकेच सूर मिळत आणि ती बहुतेक वेळा टिंपनीसोबत जोडीने लिहिलेली असत. त्यामुळे ज्या ठोक्यावर टिंपनी अडली आहे, तिथे ट्रम्पेटही त्याच सुरावर अडलेली सापडतात. तुम्ही टिंपनी बदललीत आणि ट्रम्पेट जुन्याच सुरावर राहिली, तर एका खटकणाऱ्या सुराऐवजी दोन वेगवेगळे सूर भांडू लागतील. अशा ठिकाणी कंडक्टरशी बोलून दोन्ही बदला किंवा दोन्ही तसेच ठेवा.

नवा सूर निवडणं

कॉर्डचा मूळ सूर हा पहिला विचार, पण नेहमी बरोबर ठरेल असं नाही. बेस काय वाजवतो ते बघा. टिंपनीचा सूर बेसच्या खाली गेला तर कॉर्डचा पायाच बदलतो, सरळ कॉर्ड उलटी ऐकू येते. डबल बेस लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजत असल्याने सहसा हे होत नाही. पण डबल बेस गप्प असून फक्त चेलो वाजत असतील तेव्हा नक्की तपासा.

मूळ पार्टची चाल जपा. रचनाकाराने वरून खाली उडी घेतली असेल, तर तुमचाही बदल वरून खालीच जावा. लय आणि ठोक्यांची संख्या यांना हात लावू नका.

आता एक उदाहरण करून बघू. हे मी शिकवण्यासाठी बनवलं आहे. सी मेजरमधलं मार्च (कवायतीच्या चालीचं संगीत), आठ बार, गती मिनिटाला १२० बीट, चारचा ताल. मूळ टिंपनी सी आणि जी. कॉर्ड अशा : सी, एफ, डी सेव्हन, जी, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी सेव्हन, सी. टिंपनी या आठ बारांत अनुक्रमे सी, सी, सी, जी, सी, सी, जी, सी वाजवते. सगळं जोरात.

पहिला बार ठीक. दुसऱ्यात एफ कॉर्डवर सी, पाचवा सूर, ठीक. इथे एफ करायचा मोह होतो, तो आवरा. तिसऱ्यात डी सेव्हनवर सी हा सातवा सूर, जोरात, गोल करा. चौथा ठीक. पाचव्यात ए फ्लॅटवर सी, तिसरा सूर, राहू द्या. सहाव्यात डी फ्लॅटवर सी. बेसमध्ये काळी एक, ड्रमवर पांढरी एक, अर्ध्या सुराची टक्कर. गोल करा. सातवा आणि आठवा ठीक. म्हणजे आठपैकी दोनच बार बदलायचे.

आता ड्रम. नेहमीच्या चार ड्रमच्या संचात ३२ इंची ड्रम खालच्या डी पासून ए पर्यंत जातो, २९ इंची एफ ते सी, २६ इंची बी फ्लॅट ते एफ, आणि २३ इंची डी ते ए. प्रत्येकाला साधारण पाच सुरांचा पल्ला. खालच्या टोकाला पडदा ढिला पडून आवाज पसरतो, वरच्या टोकाला ताणून गुंज कमी होते, मधली जागा सगळ्यात चांगली. आपला जी २९ वर आणि सी २६ वर टोकाला न जाता नीट बसतो. ते तिथेच राहू द्या.

तिसऱ्या बारात डी हवा असं आधी वाटेल. पण २६ वर आत्ताच सी वाजला आहे, लगेच डी करायला वेळ नाही. २३ वर डी अगदी खालच्या टोकाला येतो, म्हणजे जोराच्या जागी ढिला आवाज. त्यापेक्षा ३२ इंची ड्रम ए ला लावून ठेवा. ए हा डी सेव्हनचा पाचवा सूर. ड्रमच्या वरच्या टोकाला आहे, थोडा ताणलेला, पण जोरात वाजवायला तो ताण चालतो. ठोका मारला की हाताने गुंज थांबवा आणि चौथ्या-पाचव्या बारात बाकीचे दोन ड्रम वाजवता वाजवता पेडल अर्धा सूर खाली सोडा. सहाव्या बारात तोच ड्रम ए फ्लॅट देईल, जो डी फ्लॅट कॉर्डचा पाचवा सूर आहे. मध्ये दोन पूर्ण बार, आठ बीट, चार सेकंद मिळतात. अर्ध्या सुरासाठी एवढा वेळ पुरेसा आहे. एका पेडलची एक हालचाल, आणि दोन्ही अडचणी मिटल्या. मला अशी उत्तरं आवडतात. जिथे पाय सतत नाचवावा लागतो, तिथे बदल बहुधा गरजेपेक्षा जास्त झालेले असतात.

तुमच्याकडे हाताने लावायचे दोनच ड्रम असतील, तर तिसऱ्या बारातला सी आवाज कमी करून तसाच वाजवा आणि सहाव्या बारात टिंपनी सोडून द्या. तिथे जी वाजवू नका. डी फ्लॅटपासून तो तीव्र मध्यमाच्या अंतरावर येतो, त्यामुळे टक्कर तशीच राहील.

कीबोर्डवर वाजवणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात आपल्यापैकी बहुतेकांची टिंपनी म्हणजे कीबोर्डमधला आवाज किंवा संगणकावरची सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या मुद्रित आवाजांचा संच). तिथे ना पेडल, ना वेळेची अडचण. कोणतीही पट्टी दाबा, सूर हजर. म्हणूनच जपायला हवं.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या एका कार्यक्रमासाठी मी टिंपनीचा अख्खा पार्ट कॉर्डप्रमाणे बदलला होता. प्रत्येक ठोका कॉर्डच्या मूळ सुरावर. कागदावर एकही चूक नव्हती. तालमीत ऐकलं तर टिंपनी उरलीच नव्हती, तिची जागा एका जाडजूड बेस गिटारने घेतली होती. दोन सुरांवर ठाम उभं राहणारं वाद्य सगळ्यांमागे पळत सुटलं होतं. कॉयरमधल्या एका आजींनी विचारलं, “आज नगारा का नाही वाजवला गं?” मी घरी येऊन जुना पार्ट काढला आणि पूर्ण रचनेत फक्त पाच ठोके बदलले. कार्यक्रमात तेच वाजवले.

तेव्हापासून कीबोर्डवरसुद्धा मी समोर चार ड्रम आहेत असंच धरते. वहीच्या समासात चार रकाने आखते, ३२, २९, २६, २३, आणि कुठल्या बारात कुठला ड्रम कुठल्या सुराला आहे ते लिहिते. एखादा सूर चारही रकान्यांत बसत नसेल, तर तो खऱ्या टिंपनीवरही वाजला नसता, म्हणून तो माझ्या पार्टमध्येही येत नाही. शिवाय लायब्ररीत ठोक्याची गुंज पुढच्या कॉर्डमध्ये सांडते. ती तिथल्या तिथे तोडायची सवय लावा, नाहीतर बरोबर सूरही पुढच्या बारात जाऊन बेसूर ठरतो.

खऱ्या ड्रमवर सूर ऐकणं

नुसत्या ताणलेल्या पडद्याचे उपसूर (मुख्य सुरासोबत उमटणारे वरचे सूर) आपापसांत जुळत नाहीत, म्हणून बहुतेक ढोलांना नक्की सूर नसतो. तबल्यात हे काम शाई करते. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत १९२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आपल्या वाद्यांच्या याच गुणावर लिहिलं होतं. टिंपनीला शाई नाही. तिथे पडद्याला चिकटून हलणारी हवा उपसुरांना जागेवर आणते आणि मुख्य उपसूर साधारण २:३:४ या प्रमाणात येतात. पण हे फक्त काठापासून तीन-चार इंचांवर मारलं तर. मधोमध मारलं की नुसता धप्प आवाज येतो आणि सूर हरवतो. तबल्याची सवय असलेला हात मध्याकडे ओढला जातो, सुरुवातीला माझाही जायचा. कॉर्ड जुळते की नाही हे तपासताना ठोका योग्य जागी पडतो आहे याची खात्री करा, नाहीतर सूर ठीक असूनही तुम्ही तो बदलून बसाल.

सूर लावताना कान पडद्याजवळ नेऊन तोच सूर हळू गुणगुणा. ड्रम जुळलेला असेल तर न वाजवताही आतून उत्तर देतो.

हवेचंही बघा. हलगी शेकली की चढते हे आपल्याकडच्या पोराटोरांना ठाऊक आहे. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात कातडी पडद्याची टिंपनीही तशीच चढते आणि पावसाळी दमट हवेत उतरते. प्लास्टिकच्या पडद्याला आर्द्रतेचा त्रास फारसा होत नाही, पण खिडकीतून ऊन पडत असेल तर ड्रम सरकवून ठेवा.

पार्टवर खुणा

रचनाकाराने लिहिलेला मूळ सूर खोडू नका. तो दिसेल असा ठेवून नवा सूर पेन्सिलने वर लिहा, पेडलच्या जागी बाण काढा आणि खाली बदलाचं कारण दोन शब्दांत नोंदवा : ‘बेस डी फ्लॅट, टक्कर’. बदलांची यादी तालमीच्या आधी कंडक्टरला द्या. नको म्हटलं तर मूळ सूर समोर आहेच. तालमीत तो भाग दोनदा वाजवून घ्या, एकदा मूळ आणि एकदा बदललेला, आणि दोन्ही वेळा कुणाला तरी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसवा. वाजवणाऱ्याच्या कानाशी ड्रम फार जवळ असतो. मागच्या रांगेत फरकच कळत नसेल, तर मूळ सूर ठेवा आणि पेन्सिलची खूण खोडून टाका.